पेट्रोल पिकअपला डिझेल इंजिन : यंत्र, हिशेब आणि कायदा

धारवाडहून बेळगावकडे निघाले की राष्ट्रीय महामार्ग ४८ लगत बेलूर औद्योगिक वसाहत लागते. चेन्नकेशव मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले बेलूर हासन जिल्ह्यातले. हुबळी-धारवाड परिसरातले हे बेलूर वेगळे. येथे टाटा मोटर्सचा छोट्या व्यापारी वाहनांचा कारखाना आहे आणि बसगाड्यांची बांधणी करणारा, पूर्वी टाटा मार्कोपोलो या नावाने ओळखला जाणारा प्रकल्पही आहे. गोमंतकीयांच्या रोजच्या जगण्याशी या पट्ट्याचा संबंध जवळचा. बेळगाव-धारवाड भागातली भाजी, दूध आणि किरकोळ माल छोट्या पिकअपमधून अनमोड किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात येतो. त्यामुळे पिकअपच्या पोटात कोणते इंजिन आहे आणि ते किती इंधन पिते, या प्रश्नाचा संबंध वाहनमालकाच्या कमाईशी आहे, तसाच बाजारातल्या भाजीच्या दराशीही आहे.

जुनी पेट्रोल पिकअप किंवा जीप पदरी असलेल्या अनेकांच्या मनात एक प्रश्न कधी ना कधी येतो. गाडीचा सांगाडा धड आहे, हौदा मजबूत आहे, फक्त इंजिन थकले आहे. मग त्या जागी सेकंड हँड डिझेल इंजिन बसवले तर? गॅरेजमधले मिस्त्रीही ‘होऊन जाईल’ असे सहज सांगतात. यांत्रिकदृष्ट्या ते खोटे नाही. भारतात हजारो गाड्यांवर हा प्रयोग एके काळी झालेला आहे. परंतु काम होणे वेगळे, ते परवडणे वेगळे आणि कायद्यात बसणे त्याहून वेगळे. या तिन्ही बाजू एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न.

दोन इंजिनांतला मूळ फरक

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते. दाब फार वाढला तर मिश्रण ठिणगीआधीच भडकते. म्हणून संपीडनाचे प्रमाण साधारण आठ ते अकरा पटींच्या आसपास ठेवावे लागते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. केवळ हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते. त्या दाबाने हवेचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या वर जाते आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून फवारलेले डिझेल स्वतःहून पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे यशस्वी इंजिन चालले.

या एका फरकातून बाकीचे सारे फरक निघतात. दाब अधिक म्हणून डिझेल इंजिनाचा ब्लॉक, क्रँकशाफ्ट, पिस्टन आणि हेडचे बोल्ट जाड व मजबूत असावे लागतात. त्यामुळे वजन वाढते. फिरणारे भाग जड आणि ज्वलनाला वेळ लागतो म्हणून इंजिन कमी फेऱ्यांवर चालते. मात्र कमी फेऱ्यांवरही ओढण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, भरपूर मिळते. हवा अडवणारी थ्रॉटलची झडप जुन्या डिझेल इंजिनांत नसते. वेग फक्त इंधनाच्या मात्रेवर ठरतो. अर्ध्या भारावर चालताना पेट्रोल इंजिन हवा ओढण्यात जी शक्ती वाया घालवते, ती येथे वाचते. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्क्यांहून थोडी अधिक ऊर्जा असते. गॅरेजच्या भाषेत ज्याला ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात, ते डिझेल गाडीला जास्त मिळण्याची ही कारणे.

तेच इंजिन डिझेल करता येईल का?

काही जण विचारतात की इंजिन न बदलता त्याच पेट्रोल इंजिनाला डिझेल पंप आणि नोझल बसवता येतील का. याचे व्यवहारातले उत्तर ‘नाही’ असेच आहे. पेट्रोलच्या दाबासाठी घडवलेला ब्लॉक आणि हेड डिझेलचा दाब दीर्घकाळ सोसत नाहीत.

जनरल मोटर्स या बलाढ्य अमेरिकी कंपनीलाही हा धडा महागात पडला. १९७८ पासून तिने ओल्ड्समोबाइल गाड्यांत एक आठ सिलिंडरांचे डिझेल इंजिन दिले. त्याची आखणी पेट्रोल इंजिनावरून केलेली होती. ब्लॉक मजबूत केला होता. पण हेडच्या बोल्टांची संख्या आणि मांडणी जुनीच राहिली. वाढीव दाबाखाली बोल्ट ताणले जाऊ लागले आणि हेड गास्केट उडू लागली. इंधनातले पाणी वेगळे करणारी व्यवस्था नसल्याने पंपही गंजले. १९८५ पर्यंत हे इंजिन बंद झाले आणि अमेरिकी ग्राहकाच्या मनात डिझेल मोटारीविषयी दीर्घकाळ टिकणारा अविश्वास मात्र राहिला.

उलट दिशेने जाणे तुलनेने सोपे असते. पुण्यात घडलेल्या टाटा इंडिकाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९९८ साली आलेल्या या गाडीची पेट्रोल व डिझेल अशी दोन्ही इंजिने १४०५ सीसीची, एकाच कुळातली होती. डिझेलचा दाब सोसणारा ब्लॉक पेट्रोलला सहज पुरतो. याच चार सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाचे जणू अर्धे करून दोन सिलिंडरांचे ७०२ सीसीचे इंजिन तयार झाले आणि मे २००५ मध्ये ते टाटा एस या छोट्या मालवाहू गाडीत आले. गावोगावी ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी गाडी ती हीच. म्हणजे मूळ आखणी भक्कम असेल तर तिच्यातून हलके रूप काढता येते. हलक्या आखणीवर जड काम लादता येत नाही.

आपल्याकडील पूर्वानुभव

पेट्रोल गाडीला डिझेल इंजिन बसवण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमधील पीटरबरो येथील पर्किन्स कंपनीने १९३७ च्या सुमारास सहा सिलिंडरांचे ‘पी ६’ हे इंजिन काढले आणि पेट्रोल ट्रकांमध्ये ते बसवण्याची प्रथा युद्धोत्तर काळात बरीच पसरली. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्स इंजिने भारतात बनवायला घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या ट्रकांनाही पर्किन्स इंजिने मिळाली. १९५४ पासून टाटा-मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक रस्त्यावर आले आणि अवजड मालवाहतुकीतून पेट्रोल हळूहळू मागे पडत गेले.

हलक्या गाड्यांत मात्र पेट्रोलच टिकून होते. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. सीजे-३बी या जीपमध्ये २.२ लिटरचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन असे. चढावर ते उत्तम चाले, पण पेट्रोलही तसेच पिई. १९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियातील युद्धानंतर तेलसंकट आले. पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव १९७४ च्या प्रारंभी बारा डॉलरच्या आसपास पोहोचला. पेट्रोल ही श्रीमंतांची आणि डिझेल ही शेती व वाहतुकीची गरज, या धोरणामुळे भारतात दोन्ही इंधनांच्या दरांतले अंतर मोठे ठेवले गेले.

येथूनच डिझेलीकरणाची लाट आली. महिंद्राकडे ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन तयार होतेच. त्यावर आधारित इंजिन जीपमध्ये आले. पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावर बनलेले २११२ सीसीचे डिझेल इंजिन महिंद्राच्या जीपचे मुख्य इंजिन झाले. कारखान्यात जे घडत होते तेच गॅरेजांतही घडत होते. जुन्या पेट्रोल जीप, अ‍ॅम्बॅसिडर आणि छोट्या टेम्पोंमध्ये सेकंड हँड डिझेल इंजिने बसवण्यात वाकबगार असलेले मिस्त्री महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि गोव्यातही तयार झाले. त्या काळी गाडीत संगणक नव्हता, पंप-नोझल पूर्णपणे यांत्रिक होते आणि इंजिनाखालची जागा प्रशस्त होती. आज तोच प्रयोग करू पाहणाऱ्याने या तीन गोष्टी आपल्या गाडीत आहेत का, हे आधी पाहावे.

बदलावे काय काय लागते?

इंजिन उचलून दुसरे ठेवणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग होय. खरा खर्च आणि खरा धोका त्याच्या आजूबाजूला असतो.

पहिली गोष्ट बैठकीची. डिझेल इंजिन त्याच क्षमतेच्या पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच जड असते आणि त्याचे हादरेही तीव्र असतात. जुन्या माउंटिंगवर ते टिकत नाही. सांगाड्याला नवे ब्रॅकेट जोडावे लागतात, पुढच्या पाट्या किंवा स्प्रिंग भक्कम कराव्या लागतात. पुढच्या आसावर वजन वाढल्याने स्टीअरिंग जड होते आणि तेवढाच माल कमी भरावा लागतो. सांगाड्यावर वाटेल तेथे वेल्डिंग केल्यास तेथेच पुढे तडा जातो, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधले बेल हाउसिंग दोन्हीकडे तंतोतंत जुळले पाहिजे. मध्ये जोडपट्टी घालावी लागली तर तिचा केंद्रबिंदू अचूक हवा. किंचित तिरपेपणा राहिला तरी गिअरबॉक्सचे बेअरिंग आणि क्लच लवकर जातात. फ्लायव्हील आणि क्लच डिझेलच्या टॉर्कला पुरेसे हवेत. शक्य असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीचे घेणे शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट डिफरन्शियलची. ती बहुतेक जण विसरतात. समजा, मूळ पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,८०० फेऱ्यांवर असताना गाडी ताशी १०० किलोमीटर धावत होती. नव्या डिझेल इंजिनाची मर्यादा ३,२०० फेऱ्यांची असेल तर त्याच गिअरमध्ये, त्याच डिफरन्शियलवर गाडी ताशी सुमारे ६७ किलोमीटरच्या पुढे जाणार नाही. महामार्गावर इंजिन सतत शेवटच्या टोकाला ताणले जाईल आणि अपेक्षित बचत धुरात जाईल. म्हणून मागच्या आसाचे दातेही बदलावे लागतात.

चौथी गोष्ट इंधनव्यवस्थेची. पेट्रोलची टाकी आणि नळ्या पूर्ण स्वच्छ कराव्या लागतात, कारण डिझेल पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलच पुरवते आणि पेट्रोलचा अंश राहिला तर ते घासले जातात. नोझलमधून उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी वेगळी नळी लागते. पाणी वेगळे करणारा फिल्टर तर अनिवार्यच समजावा. आपल्याकडच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात टाकीत पाणी साचतेच. टाकीच्या झाकणावर ‘डिझेल’ असे ठळक लिहावे; पंपावरचा माणूस गाडीचा प्रकार पाहून सवयीने पेट्रोल भरू शकतो.

पाचवी गोष्ट विजेची. डिझेल इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो, म्हणून मोठी बॅटरी, दणकट स्टार्टर आणि जाड केबल हवी. जुन्या पद्धतीच्या इंजिनांना सकाळी गरम करणारे ग्लो प्लग लागतात. त्याहून महत्त्वाचा मुद्दा इंजिन बंद करण्याचा आहे. पेट्रोल गाडीत चावी फिरवली की ठिणगी थांबते आणि इंजिन बंद पडते. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. इंधन तोडल्याशिवाय इंजिन थांबत नाही. त्यासाठी पंपावर सोलेनॉइड किंवा ओढायची तार नीट बसवलेली असणे हा सुरक्षिततेचा भाग आहे.

थंडाव्याची व्यवस्था, हवेचा फिल्टर आणि सायलेन्सरचा पाइप हेही नव्या इंजिनाच्या मापाचे हवेत. घाट चढताना रेडिएटर अपुरा पडला तर हेड वाकते आणि साऱ्या खर्चावर पाणी पडते.

ब्रेक : जिवाशी गाठ

या सगळ्यांत एक बाब अशी आहे की जिच्याकडे दुर्लक्ष झाले तर नुकसान पैशांपुरते राहत नाही. पेट्रोल इंजिनात पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की थ्रॉटल बंद होते आणि आतल्या नळीत निर्वात पोकळी तयार होते. ब्रेकचा बूस्टर त्या पोकळीवर चालतो. म्हणूनच हलक्या पायाने ब्रेक लागतो. डिझेल इंजिनात थ्रॉटल नसल्याने ही पोकळी आपोआप तयार होत नाही. तिच्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. इंजिन बसवताना जुना अल्टरनेटर तसाच ठेवला आणि पंप राहून गेला तर गाडी सपाट रस्त्यावर चालेल, थांबेलही. पण भरलेल्या मालासह अनमोडचा उतार उतरताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की पायाखालचे पेडल दगडासारखे घट्ट होईल.

उतारावर इंजिनाकडून मिळणाऱ्या अटकावाचेही तसेच. थ्रॉटल नसल्याने मोकळ्या सुटलेल्या डिझेल इंजिनाचा अटकाव अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी पडतो. मोठ्या ट्रकांना एक्झॉस्ट ब्रेक याचसाठी दिलेला असतो. पुढचे वजन वाढलेले, बूस्टर अर्धवट आणि मूळ ब्रेक हलक्या इंजिनासाठी आखलेले, अशी गाडी घाटात उतरवणे म्हणजे चालकाचा आणि समोरून येणाऱ्याचा जीव टांगणीला लावणे होय.

बचतीचा हिशेब

आता पैशांचे पाहू. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या गाडीचे आणि त्या दिवशीच्या दराचे आकडे घालून प्रत्येकाने तो पुन्हा मांडावा.

समजा, पिकअप महिन्याला २,००० किलोमीटर धावते. पेट्रोलवर ती लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेलवर १६ किलोमीटर देते. म्हणजे महिन्याला सुमारे १६७ लिटर पेट्रोल किंवा १२५ लिटर डिझेल. पेट्रोल ९६ रुपये आणि डिझेल ८८ रुपये धरले तर पेट्रोलचा खर्च १६,००० आणि डिझेलचा ११,००० रुपये. बचत ५,००० रुपये. इंजिन, गिअरबॉक्स, जोडणी, ब्रेक आणि विजेची कामे मिळून दोन लाख रुपये लागले तर ते वसूल व्हायला ४० महिने लागतील. तीच गाडी महिन्याला केवळ ५०० किलोमीटर धावत असेल तर हाच काळ १६० महिन्यांचा, म्हणजे तेरा वर्षांहून अधिक होतो. जुन्या सांगाड्याचे आयुष्य तेवढे उरले आहे का, हे मालकाने स्वतःलाच विचारावे. शिवाय सेकंड हँड इंजिनाचा पंप-नोझल दुरुस्तीचा खर्च यात धरलेला नाही.

या हिशेबाचा पाया असलेले दरांतले अंतर कायम राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३.१८ रुपये आणि डिझेल ४०.९१ रुपये होते. त्या दरांनी वरच्या गाडीची महिन्याची बचत ७,००० रुपयांच्या वर जाते आणि दोन लाख रुपये २८ महिन्यांत सुटतात. केंद्राने पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त केले, तसे हे अंतर आटत गेले. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा काही पैशांनी महाग झाले. दोन्ही इंधने ८८ रुपये धरली तर बचत ३,६६७ रुपयांवर येते आणि वसुलीला साडेचार वर्षे लागतात.

गोव्याचा अनुभव याहून बोलका आहे. २०१२ साली मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणला आणि एप्रिलच्या प्रारंभी राज्यात पेट्रोल एकदम सुमारे ११ रुपयांनी स्वस्त झाले. वरच्या उदाहरणातील गाडीसाठी या एका निर्णयाने डिझेलकडे जाण्याचा महिन्याचा लाभ १,८०० रुपयांहून अधिक घटला असता. पुढे हा कर टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढला. म्हणजेच दोन लाखांची गुंतवणूक ज्या अंतरावर उभी आहे ते एका अर्थसंकल्पाने बदलू शकते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ येथे निर्णायक आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. इंधनाचा प्रकार, इंजिन क्रमांक आणि इंजिनाची क्षमता हे सारे या प्रमाणपत्रात नोंदलेले असते. पेट्रोलचे डिझेल केले की यांपैकी तिन्ही बदलतात. वेगळ्या इंधनावर गाडी चालवण्यासाठी रूपांतर संच बसवण्याची सवलत कायद्यात आहे. पण ती विहित अटींच्या आणि मान्यताप्राप्त संचांच्या अधीन आहे. अशा संचांची चाचणी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या अधिकृत संस्थांकडून होते. प्रत्यक्षात नियमांची सारी आखणी सीएनजी, एलपीजी आणि बॅटरी यांच्यासाठी झालेली आहे. भंगार बाजारातून आणलेले डिझेल इंजिन म्हणजे मान्यताप्राप्त संच नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली : उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही आणि राज्यांचे नियम कायद्यापेक्षा वरचढ ठरू शकत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीविना झालेल्या बदलाची माहिती चौदा दिवसांत देण्याचे बंधनही कलम ५२ मध्ये आहे. गाडी हप्त्यांवर घेतली असेल तर वित्तसंस्थेची संमती लागते.

कागदावरची विसंगती लपून राहण्याचे दिवसही संपले आहेत. पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, तर डिझेलच्या धुराची घनता मोजतात. प्रदूषण तपासणी केंद्राचा संगणक ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदवहीशी जोडलेला असतो; नोंदवहीत पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल अशा गाडीला सरळ मार्गाने प्रमाणपत्र मिळत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तंदुरुस्ती प्रमाणपत्र घ्यावे लागते. तेथेही इंजिन क्रमांक पाहिला जातो. सर्वांत गंभीर प्रश्न विम्याचा. मूळ स्वरूप बदललेल्या आणि तसे न कळवलेल्या गाडीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊ शकतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. थकलेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवणे हा वेगळा विषय आहे. पावती आणि मूळ गाडीची कागदपत्रे जोडून वाहतूक खात्याकडे रीतसर अर्ज केला तर नवा इंजिन क्रमांक नोंदवून घेता येतो.

नव्या गाड्यांचे काय?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले. त्यानंतरच्या पेट्रोल पिकअपमध्ये इंजिन, इंधन, चावी आणि मीटर हे सारे संगणकाने एकमेकांशी बांधलेले आहेत. बीएस-६ डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर आणि इतर शुद्धीकरण यंत्रणा लागते. हा सारा संसार एका गाडीतून दुसरीत हलवणे गॅरेजच्या आवाक्यात नाही.

विशेष म्हणजे या खर्चामुळे खुद्द कारखान्यांनीच उलटी वाट धरली. मारुतीची सुपर कॅरी ही मालवाहू गाडी २०१६ मध्ये दोन सिलिंडरांचे ७९३ सीसी डिझेल इंजिन घेऊन आली होती; बीएस-६ येताच ते बंद झाले आणि पेट्रोल व सीएनजी उरले. डिझेलवर वाढलेल्या टाटा एसलाही २०२० मध्ये ६९४ सीसीचे पेट्रोल इंजिन मिळाले. छोट्या मालवाहू गाड्यांत आता पेट्रोल, सीएनजी आणि वीज यांचीच चलती आहे.

मग मालकाने करावे काय?

पहिला पर्याय म्हणजे आहे तेच पेट्रोल इंजिन नीट बांधून घेणे. थकलेले कार्बोरेटर, घासलेल्या रिंगा, गळणारे व्हॉल्व्ह आणि कमी हवेची चाके यांमुळे गेलेले अ‍ॅव्हरेज बरेचसे परत मिळते आणि कागदपत्रांना धक्का लागत नाही. दुसरा पर्याय मान्यताप्राप्त सीएनजी संचाचा. २०२२ च्या नियमदुरुस्तीने साडेतीन टनांपर्यंतच्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही तो बसवता येऊ लागला. टाकी जागा अडवते, तिची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते आणि आपल्या मार्गावर पंप कोठे आहेत हे पाहावे लागते. पण हा मार्ग सरळ आणि नोंदणीकृत आहे. तिसरा पर्याय म्हणजे जुनी गाडी विकून कारखान्यातूनच डिझेल इंजिन घेऊन आलेली, कागदपत्रे स्वच्छ असलेली सेकंड हँड पिकअप घेणे. रूपांतराच्या दोन लाखांत जुन्या गाडीची किंमत मिळवली तर हा सौदा अनेकदा अधिक पदरात पाडतो.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यानेही सावध असावे. जुन्या काळी डिझेल केलेल्या जीप आणि पिकअप अजून बाजारात फिरतात. सौदा करण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्रातील इंधन आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष ब्लॉकवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. क्रमांक खरवडलेला असेल तर ते इंजिन चोरीचे असू शकते; तेथून उठून यावे. बोनेट उघडून व्हॅक्यूम पंप आहे का, माउंटिंगजवळ वेल्डिंगचे तडे आहेत का हे पाहावे. इंजिन चालू ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा लागोपाठ दाबून पाहावा; पेडल कडक होत गेले तर बूस्टरची व्यवस्था अपुरी आहे. शेवटी चावीने इंजिन तत्काळ बंद होते का, याचीही खात्री करावी.

एके काळी पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवणारा मिस्त्री मालकाचे पैसे खरोखरच वाचवीत असे. दरांतले अंतर मोठे होते, यंत्रे साधी होती आणि नियम ढिले होते. आज या तिन्ही गोष्टी उरलेल्या नाहीत. गाडी डिझेल करून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हातात आगाऊ रक्कम ठेवण्यापूर्वी वाहनमालकाने नोंदणी प्रमाणपत्र घेऊन वाहतूक खात्याच्या कार्यालयात जावे आणि हा बदल नोंदवून मिळेल का, एवढा एकच प्रश्न लेखी विचारावा. उत्तर नकारार्थी आले तर दोन लाख रुपये वाचले असे समजावे.